क्वाड बाइक रस्त्यावर आणण्यापूर्वी: कागदपत्रांचा क्रम आणि कायद्याच्या अटी

चार फुगीर टायर, मोटारसायकलीसारखे हँडल आणि घोड्यावर मांड टाकावी तशी बैठक असलेली क्वाड बाइक, म्हणजेच एटीव्ही, आता केवळ समुद्रकिनाऱ्यावरच्या फेऱ्यांपुरती उरलेली नाही. आंब्या-काजूच्या बागा, द्राक्षमळे, फार्महाउस आणि रिसॉर्ट अशा अनेक ठिकाणी ती दिसू लागली आहे. ती विकत घेणाऱ्या नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, 'ही रस्त्यावर चालते का?' आणि विक्रेत्याचे ठरलेले उत्तर असते, 'चालते की, कोण अडवतंय!' गाडी चालणे आणि ती चालवण्याची कायद्याने मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक क्वाड बाइकची सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणीच होऊ शकत नाही. ज्या थोड्या गाड्यांची होऊ शकते, त्यांच्याबाबतही सगळा निकाल पैसे देण्यापूर्वी हातात आलेल्या कागदांवर लागतो. नंतर धावपळ करून त्यात काहीही बदलत नाही.

माझ्या एका मामेभावाने रत्नागिरीजवळच्या कलमांच्या बागेसाठी १२५ सीसीची अशी एक गाडी घेतली. बाग दोन तुकड्यांत आहे आणि मधून गावचा डांबरी रस्ता जातो. 'नोंदणीचे नंतर बघू' असे विक्रेत्याने सांगितले होते. नंतर बिल नीट वाचले, तेव्हा 'केवळ खासगी आवारात वापरण्यासाठी' असा शिक्का त्यावर स्वच्छ उमटलेला दिसला. परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकाने तो शिक्का वाचला आणि कागद परत केले. आज ती गाडी बागेच्या एकाच तुकड्यात फिरते आणि दुसऱ्या तुकड्यातली खताची पोती पूर्वीप्रमाणेच डोक्यावरून जातात. पुढील पायऱ्या त्या अनुभवातून आणि त्यानंतर केलेल्या कायद्याच्या वाचनातून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: गाडी नेमकी कोठे फिरणार, हे ठरवा

शोरूममध्ये जाण्यापूर्वी कागदावर आपल्या जागेचा कच्चा नकाशा काढावा आणि गाडी ज्या-ज्या वाटेने जाणार ती वाट त्यावर दाखवावी. हा उद्योग बालिश वाटेल. पण सगळ्या कायदेशीर अटी याच नकाशावर अवलंबून आहेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३४) नुसार ज्या ठिकाणी जाण्याचा लोकांना हक्क आहे असा कोणताही रस्ता, गल्ली, वाट किंवा जागा म्हणजे 'सार्वजनिक ठिकाण'. ती रहदारीची वाट असो वा नसो. ही व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा बरीच रुंद आहे. डांबरी रस्ता तिच्यात येतो हे उघडच आहे. परंतु दोन शेतांमधली पाणंद, गावाच्या सीमेवरचा शिवरस्ता, गावठाणातील बोळ, देवळासमोरचे मोकळे पटांगण आणि समुद्राची पुळणही तिच्यात येते. 'मी मुख्य रस्त्यावर नेतच नाही, फक्त पाणंदीने जातो' असे म्हणणारा शेतकरी कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक ठिकाणीच गाडी चालवत असतो. गृहसंकुलाच्या अंतर्गत रस्त्यांवरही पाहुणे, दूधवाले, टपालवाले मुक्तपणे येत-जात असतील, तर तो रस्ता खासगी आहे या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

येथे एक बारकावा फार थोड्यांच्या लक्षात येतो. परवान्याची अट (कलम ३) आणि विम्याची अट (कलम १४६) सार्वजनिक ठिकाणासाठी आहे. नोंदणीच्या कलम ३९ मध्ये मात्र 'कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' अशी शब्दयोजना आहे. त्यामुळे रस्त्यासाठी बनलेली गाडी केवळ स्वतःच्या आवारात फिरवायची म्हणून विनानोंदणी ठेवता येते, हा समज चुकीचा आहे. पूर्णपणे कुंपणाच्या आत वापरायची क्वाड बाइक या कलमातून सुटते, ती 'मोटार वाहन' या व्याख्येतच बसत नाही असे म्हणता आले तरच. आणि ते कधी म्हणता येते, हे पुढच्या पायरीत पाहू.

दुसरी पायरी: कायद्याच्या नजरेत ही गाडी कोण आहे, ते ओळखा

कलम २(२८) मधील 'मोटार वाहन' म्हणजे रस्त्यावर वापरण्यास योग्य असे यंत्रचलित वाहन. मूळ इंग्रजी व्याख्येतील शब्दाचा अर्थ 'रस्त्यासाठी बदल केलेले' असा घ्यायचा की 'रस्त्यावर वापरण्यास योग्य' असा, हा वाद खाणीतल्या डंपरांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १९७४ च्या बोलानी ओअर्स खटल्यात न्यायालयाने 'योग्य' हा अर्थ लावला. व्याख्येतून वगळलेल्या गोष्टी तीन आहेत: रुळांवर धावणारी वाहने, केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली विशेष प्रकारची वाहने, आणि चारपेक्षा कमी चाके व २५ सीसीपर्यंत इंजिन असलेली वाहने.

क्वाड बाइकचे विक्रेते बहुधा दुसऱ्या अपवादाचा आधार घेतात. गाडी 'ऑफ रोड' म्हणून विकली जाते, बिलावर तसा शिक्का असतो आणि त्यामुळे नोंदणीचा प्रश्न येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद कुंपणाच्या आत कदाचित टिकेल. पण गाडीचे पुढचे चाक फाटकाबाहेर पडले, की तिचा मालक स्वतःच तो मोडतो. तिसऱ्या अपवादाचा तर क्वाड बाइकला काहीच उपयोग नाही. लहान मुलांच्या छोट्या क्वाडबद्दल 'एवढ्याशा इंजिनाला काही लागत नाही' असे सर्रास सांगितले जाते. परंतु ती सवलत चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनांना आहे आणि क्वाडला चाके मोजून चार असतात.

आता दुसरी बाजू. हँडल असले, सायलेन्सरचा आवाज तसाच असला, तरी क्वाड बाइक मोटारसायकल नाही. कलम २(२७) नुसार मोटारसायकल म्हणजे दुचाकी मोटार वाहन. तिला जोडलेली, काढता येणारी साइडकार आणि त्या साइडकारचे एक चाक तेवढे जास्तीचे चालते. या एका वाक्याचे परिणाम दूरवर जातात. पहिला म्हणजे, दुचाकीचा परवाना क्वाडसाठी पुरत नाही. दुसरा म्हणजे, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवण्याची जी मुभा कलम ४ देते, ती ५० सीसीच्या क्वाडला लागू होत नाही. तेथे वय अठराच हवे. तिसरा परिणाम चमत्कारिक आहे: हेल्मेटसक्तीचे कलम १२९ मोटारसायकलस्वारांसाठी लिहिलेले असल्याने शब्दशः पाहता क्वाडस्वार त्यातून निसटतो. ही पळवाट कोणी वापरू नये. शेकडो किलोच्या गाडीखाली सापडण्याचा धोका मोटारसायकलवर नसतो, तो येथे असतो.

'क्वाड' या अक्षरांमुळे आणखी एक गोंधळ होतो. भारतीय नियमांत 'क्वाड्रिसायकल' नावाचा स्वतंत्र वर्ग आहे आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे तयार झालेली बजाज क्यूट हे त्याचे परिचित उदाहरण आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने हा वर्ग खासगी वापरासाठीही खुला केला. मात्र क्यूट ही बंद शरीराची, स्टिअरिंगचे चाक असलेली छोटी मोटार आहे. 'क्वाड्रिसायकलला परवानगी मिळाली म्हणजे क्वाड बाइकलाही मिळाली' असे कोणी पटवू लागला, तर त्याला या दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करून दाखवायला सांगावे.

तिसरी पायरी: बयाणा देण्यापूर्वी मागायचे कागद

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वाधिक वगळली जाते.

भारतात कोणतेही मोटार वाहन विक्रीस आणण्यापूर्वी त्याच्या मूळ नमुन्याची, म्हणजे मॉडेलची, चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या संस्थेकडून व्हावी लागते. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि मानेसरची आयसीएटी या त्यांपैकी ठळक संस्था होत. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, आरसे या सगळ्यांची तपासणी होऊन त्या नमुन्याला जी मान्यता मिळते, तिला व्यवहारात 'टाइप अप्रूव्हल' किंवा 'होमोलोगेशन' म्हणतात. ही मान्यता गाडीच्या नमुन्याला असते आणि ती निर्मात्याने किंवा आयातदाराने मिळवायची असते. ग्राहकाने आपली एकटी गाडी घेऊन चाचणी संस्थेच्या दारात उभे राहावे, अशी ही सोय नव्हे.

म्हणून विक्रेत्याकडे पुढील गोष्टी लेखी मागाव्यात. 'नमुना २२' हा फॉर्म, म्हणजे गाडी प्रदूषण, सुरक्षितता आणि रस्त्यावर चालण्याची योग्यता या निकषांना उतरते असे निर्मात्याचे प्रमाणपत्र, हे त्याच्याकडे आहे का? त्यावर लिहिलेले मॉडेल आणि प्रत्यक्ष गाडीचे मॉडेल एकच आहे का? 'नमुना २१' हा फॉर्म, म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र, तो देणार का? बिलात वाहनाचा वर्ग काय लिहिला जाणार? गाडी परदेशातून आली असेल, तर सीमाशुल्क भरल्याचा कागद कोठे आहे? चासी क्रमांक सांगाड्यावर कोरलेला आहे, की नुसती पट्टी रिव्हेटने ठोकलेली आहे, हे वाकून स्वतः पाहावे. सुट्या भागांच्या पेट्या मागवून येथे जोडलेल्या गाड्यांत ही पट्टीच अनेकदा सगळी कहाणी सांगून जाते.

नमुना २२ नसेल, तर गाडी रस्त्यासाठी नाही. येथे मधला मार्ग नाही. 'आमच्या ओळखीचा एजंट आहे' हे वाक्य ऐकू आले, तर तेवढ्यावरच व्यवहार थांबवावा. खोट्या कागदांवर झालेली नोंदणी उघडकीस आली की रद्द होते आणि विमा कंपनी दाव्याच्या वेळी हात वर करण्यास मोकळी होते. मान्यता नसलेली गाडी विकणाऱ्या निर्मात्याला, आयातदाराला किंवा विक्रेत्याला कलम १८२अ नुसार प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण बिलावर 'ऑफ रोड'चा शिक्का मारून त्याने आपली बाजू राखलेली असते, हे विसरू नये. त्या शिक्क्याचा भार खरेदीदारावर पडतो.

बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या क्वाडबाबत 'नोंदणी नको, परवाना नको' ही जाहिरात हमखास दिसते. कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या काही विद्युत वाहनांना नियमांत सूट आहे हे खरे; पण ती सूट जाहिरातीने मिळत नाही, नियम १२६ मधील चाचणी संस्थेने तसे प्रमाणित करावे लागते. ते प्रमाणपत्र, त्याच मॉडेलचे, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सूट आहे असे मानू नये.

मग रस्त्यावर चालणारी एटीव्ही भारतात अजिबात आलीच नाही का? आली. पोलारिस कंपनीने २०२० च्या सुमारास 'स्पोर्ट्समन ५७०' ही एटीव्ही शेती ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन बाजारात आणली आणि देशातील पहिली रस्ता-मान्य एटीव्ही म्हणून तिची जाहिरात झाली. या युक्तीत गैर काही नाही. केंद्रीय नियमांत शेती ट्रॅक्टर म्हणजे शेतातल्या कामांसाठी अवजारे जोडता येणारे किंवा शेतमालाची ट्रॉली ओढणारे चारचाकी यंत्रचलित वाहन. त्याला मोठी मागची चाके आणि उभा धुरांडा असलाच पाहिजे, असे कोठेही लिहिलेले नाही. मात्र ट्रॅक्टर म्हणून नोंदवलेली गाडी ट्रॅक्टरचेच नियम पाळते. तिच्यावर चालकाशिवाय कोणालाही बसवता येत नाही. मागे ट्रॉली जोडली, तर कलम ६१ मुळे त्या ट्रॉलीचीही नोंदणी लागते. आणि अशी गाडी घेऊन शनिवार-रविवारी थंड हवेच्या ठिकाणी भाड्याने फेऱ्या मारणे म्हणजे आरसी पुस्तकातील वर्ग आणि प्रत्यक्ष वापर यांची फारकत करणे होय.

चौथी पायरी: नोंदणी

कागद खरे असतील, तर ही पायरी कंटाळवाणी आहे, अवघड नाही. नमुना २० मधील अर्ज, नमुना २१, नमुना २२, विम्याची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि आयात गाडी असल्यास सीमाशुल्काचा कागद, एवढे परिवहन खात्याच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीवर चढते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातच विकलेल्या नव्या गाडीचा अर्ज विक्रेत्याने करायचा असतो आणि नोंदणी क्रमांक पडल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची नसते. नवख्या ग्राहकासाठी ही एक सोपी कसोटी आहे: केवळ बिल आणि किल्ली हातावर ठेवून कोणी 'न्या घरी' म्हणत असेल, तर आपण रस्त्यावरची गाडी घेत नाही आहोत, हे समजून घ्यावे. क्रमांक पडल्यावर उच्च सुरक्षा नंबर पाटी लावून घ्यावी. स्टिकरवर रंगवलेला क्रमांक चालत नाही. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते.

विनानोंदणी गाडी चालवल्यास कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन ते पाच हजार रुपये दंड आहे; पुढच्या वेळी तो पाच ते दहा हजारांपर्यंत जातो किंवा वर्षभरापर्यंतची कैदही होऊ शकते. दंडाच्या रकमेपेक्षा कलम २०७ अधिक जाचक ठरते, कारण त्याखाली पोलीस किंवा परिवहन अधिकारी गाडी ताब्यात घेऊन ठेवू शकतात. ती सोडवण्यासाठी नोंदणीचा कागद दाखवावा लागतो, आणि तोच तर आपल्याकडे नसतो.

पाचवी पायरी: परवाना

ट्रॅक्टर म्हणून नोंदवलेली एटीव्ही चालवण्यास हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे एलएमव्ही, परवाना उपयोगी पडतो. कारण कलम २(२१) मधील हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत ७५०० किलोपर्यंत वजनाचा ट्रॅक्टर समाविष्ट आहे. ज्यांच्याकडे फक्त दुचाकीचा परवाना आहे, त्यांनी 'सारथी' संकेतस्थळावरून नव्या वर्गासाठी शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो आणि किमान तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. चाचणी मोटारीवर द्यावी लागत असल्याने क्वाडचे वळण, तिचा तोल आणि उतारावरचे वागणे तेथे कोणी तपासत नाही. तो सराव स्वतःच्या आवारात वेगळा करावा लागतो.

हा सराव का लागतो, ते थोडक्यात सांगतो, कारण कायद्याच्या नाखुशीचे मूळ तेथेच आहे. अनेक क्वाडमध्ये मागची दोन्ही चाके एकाच अखंड धुऱ्यावर बसवलेली असतात, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल नसते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. मातीत किंवा वाळूत आतले चाक घसरून तो हिशेब जुळवून घेते. डांबरावर टायरची पकड घट्ट असल्याने चाक घसरत नाही आणि गाडी सरळच रेटते किंवा आतले चाक उचलले जाऊन उलटते. टायरमधील हवेचा दाबही मोटारीच्या मानाने फारच कमी, बहुधा दहा पीएसआयच्या आत, असतो. वेगात ते टायर डुलतात. म्हणूनच अनेक निर्माते गाडीच्या टाकीवर 'डांबरी रस्त्यावर चालवू नये' असा इशारा स्वतःच चिकटवतात. ज्या गाडीवर असा इशारा आहे, तिची नोंदणी करून द्या म्हणून निरीक्षकाशी वाद घालण्यात हशील नाही.

अल्पवयीन मुलांविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. फार्महाउसवर दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती क्वाड देऊन त्याचे चित्रीकरण करण्याची हौस वाढली आहे आणि ती मुले फाटकाबाहेर 'जरा चक्कर' मारून येतात. कलम १९९अ नुसार अशा वेळी पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे, गाडीची नोंदणी असल्यास ती बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मुलगा पुढे कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, आणि तरीही त्याला स्कूटर चालवता येणार नाही. या शिक्षेचा हा भाग पालकांना सहसा ठाऊक नसतो.

सहावी पायरी: विमा

सार्वजनिक ठिकाणी गाडी नेण्यासाठी किमान तृतीय पक्षाचा, म्हणजे थर्ड पार्टी, विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी दोन हजार आणि नंतर चार हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु दंड ही येथली खरी किंमत नाही. विनाविमा क्वाडने पाणंदीत कोणाला धडक दिली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती मालकाच्या घरादारातून, शेतीतून वसूल होऊ शकते. मान्यता नसलेल्या गाडीला रस्त्याचा विमा मिळत नाही. काही विक्रेते 'विमा काढून देतो' म्हणून जो कागद देतात, तो आवारातील यंत्रसामग्रीचा किंवा चोरी-आगीचा असतो. पॉलिसीवर मोटार अधिनियमाखालील दायित्वाचा उल्लेख आणि चासी क्रमांक आहे का, ते वाचून घ्यावे.

नवी गाडी वर्षाची झाली, की प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, लागते. याबाबत जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

फेरबदलाचा मोह

आवारासाठी घेतलेल्या क्वाडला हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे लावून ती 'रस्त्याची' करून देणारे गॅरेजवाले भेटतात. हे साहित्य लावल्याने गाडी अधिक सुरक्षित होईल कदाचित, पण मान्यताप्राप्त होणार नाही, कारण मान्यता मूळ नमुन्याला असते. उलट दिशेचा मोहही तितकाच वाईट आहे: नोंदवलेल्या गाडीला रुंद चाके, मोठा सायलेन्सर किंवा मागे दुसरी सीट लावणे. कलम ५२ मुळे निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे पुन्हा ठामपणे सांगितले आहे, आणि मालकाने असे बदल केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

पुळण, जंगल आणि माथेरान

नोंदणी, परवाना आणि विमा ही तिन्ही कागदपत्रे असली, तरी काही जागा बंदच राहतात. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे आणि पर्यटन खाते त्यासाठी मोठा दंड आकारते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. महाराष्ट्रात वेळास, आंजर्ले, गुहागर येथेही ती येतात. ही कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. रुंद टायरखाली वाळू दबते आणि घरटे वरून दिसत नाही, म्हणून 'मी सांभाळून चालवतो' या आश्वासनाला येथे अर्थ नाही. राखीव जंगलात आणि अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीविना वाहन नेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. माथेरानमध्ये खासगी मोटार वाहनांनाच बंदी आहे, त्यामुळे तेथे क्वाडचा प्रश्न वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावरच संपतो.

पर्यटक म्हणून क्वाडची फेरी घेणाऱ्यांसाठी थोडे. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तिकीट काढण्यापूर्वी ते नोंदणीपत्र आणि विमा विचारावा. फेरीचा मार्ग कुंपणाच्या आत आहे, की मध्येच गावचा रस्ता ओलांडतो, हेही पाहावे. रस्ता ओलांडत असेल, तर त्या दहा मीटरपुरते आपण विनानोंदणी वाहनाचे चालक असतो. 'जबाबदारी माझी' अशा छापील कागदावर सही केल्याने रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचा हक्क मिटत नाही.

परदेशातले पाहून येणारा गैरसमज

ब्रिटनमध्ये नंबर पाटी लावलेल्या क्वाड गावातल्या रस्त्याने दुकानापर्यंत जाताना दिसतात, आणि तेथे राहणारे आपले नातेवाईक त्यांचे व्हिडिओ पाठवतात. तेथे हे कायदेशीर आहे, कारण त्या गाड्यांच्या नमुन्याला रस्त्याची मान्यता असते, डीव्हीएलए या तेथल्या वाहन नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी होते, पुढे-मागे नंबर पाट्या लागतात, विमा लागतो, चालकाकडे मोटारीचा म्हणजे बी वर्गाचा किंवा बी१ वर्गाचा परवाना लागतो आणि तीन वर्षांनंतर दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य आहे का याची, तपासणी करावी लागते. गंमत म्हणजे हेल्मेटची कायदेशीर सक्ती तेथेही क्वाडला नाही, केवळ शिफारस आहे. मात्र ब्रिटनमध्येही मान्यता नसलेली क्वाड रस्त्यावर आणली, तर पोलीस ती उचलून नेतात. तेथे मान्य असलेली गाडी येथे आणली, म्हणून ती येथे आपोआप मान्य होत नाही; भारतातली मान्यता नव्याने लागते.

रस्त्याची मान्यता नसेल, तर गाडी हलवायची कशी

ज्यांच्याकडे आधीच 'ऑफ रोड' क्वाड आहे, त्यांना एकच सरळ मार्ग उरतो: रस्ता तिने स्वतःच्या चाकांवर ओलांडायचा नाही. इंजिन बंद करून ढकलत नेली तरी ती सार्वजनिक ठिकाणचे विनानोंदणी वाहनच राहते, म्हणून शेताच्या दुसऱ्या तुकड्यात न्यायची असल्यास पिकअप किंवा टेम्पो बोलवावा. फळ्या किमान दोन मीटर लांब आणि दोन्ही सारख्या जाडीच्या घ्याव्यात. आखूड फळीमुळे चढ तीव्र होतो आणि क्वाड मागे कोसळते. गाडी वर चढवताना तिच्यावर बसू नये, बाजूला उभे राहून दोघांनी चढवावी किंवा विंच, म्हणजे दोराने ओढणारे यंत्र, वापरावी. हौद्यात हँडब्रेक ओढून, गिअर घालून, पुढच्या आणि मागच्या सांगाड्याला मिळून चार पट्टे आवळावेत. हँडलला पट्टा बांधू नये, ते वाकते. पेट्रोलचा कॉक बंद करावा. खरेदीचे मूळ बिल आणि चासी क्रमांकाचा फोटो टेम्पोचालकाजवळ द्यावा, कारण नंबर पाटी नसलेली गाडी हौद्यात पाहून पोलीस आधी चोरीचीच चौकशी करतात.